ताजं यीस्ट किराणा दुकानात का मिळत नाही? नाशिकमध्ये घरी पाव करणाऱ्यांनी ते शोधायचं कुठं?

अर्धा किलो मैद्याचा लादी पाव घरी करायचा, तर ताजं यीस्ट लागतं साधारण १० ते १२ ग्रॅम. म्हणजे सुपारीपेक्षा जरा मोठा तुकडा. बेकऱ्यांना मात्र ते पुरवलं जातं साधारण अर्ध्या किलोच्या वडीत. ही वडी फ्रिजमध्ये नीट ठेवली तरी जेमतेम दोन-तीन आठवडे चांगली राहते. एका घराने ती एवढ्या दिवसांत संपवायची ठरवली, तर रोज दोन वेळा पाव भाजावे लागतील.

नाशिकमध्ये ताजं यीस्ट शोधत फिरणाऱ्यांची अडचण या हिशोबात आहे. शहरात यीस्ट येत नाही, अशातला भाग नाही. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलांत पोहोचणारा पाव कशाने तरी फुगलेला असतोच. पण हे यीस्ट पुरवठादाराच्या शीतपेटीतून थेट बेकरीच्या फ्रिजमध्ये जातं. किराणा दुकान, सुपरमार्केट या वाटेवर लागतच नाहीत. त्यामुळे घरी बेकिंग करणाऱ्याने दहा दुकानं पालथी घातली तरी हाती येते ती ड्राय यीस्टची पुडी. आणि बऱ्याचदा दुकानदाराचा प्रश्न, "म्हणजे बेकिंग पावडरच ना?"

बेकिंग पावडर नव्हे. बेकिंग पावडर आणि खायचा सोडा ही रसायनं आहेत, यीस्ट हा जीव आहे. सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए नावाची ही एकपेशीय बुरशी पिठातली साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्या वायूने पीठ फुगतं. ती शाकाहारी का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. यीस्ट प्राणी नाही, त्यामुळे त्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. काटेकोर पथ्य पाळणारी अनेक जैन कुटुंबं मात्र ते टाळतात. ऑर्डर घेताना हे विचारून घेतलेलं बरं.

मळीवर वाढणारा जीव

ताजं यीस्ट कारखान्यात कसं तयार होतं, हे कळलं की ते इतकं नाजूक का, हेही कळतं. निफाड-दिंडोरीच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला मळी सांगायला नको. साखर काढून झाल्यावर उरणारा तो दाट काळा द्रव. त्यात साखरेचा बराच अंश शिल्लक असतो आणि जगभरातले यीस्ट कारखाने तोच यीस्टला खाऊ घालतात. मोठाल्या टाक्यांत मळीचं पातळ द्रावण थोडं थोडं सोडत राहायचं, नत्र आणि फॉस्फरस द्यायचा, खालून सतत हवा फुंकायची आणि तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवायचं.

"थोडं थोडं" हे इथं महत्त्वाचं. साखर एकदम जास्त मिळाली की यीस्ट हवा असतानाही दारू बनवायला लागतं. कारखान्याला दारू नको असते, पेशींची संख्या वाढायला हवी असते. पुरेशी वाढ झाली की त्या पेशी द्रवापासून वेगळ्या काढतात, जास्तीचं पाणी गाळून टाकतात आणि उरलेला लगदा दाबून वड्या पाडतात. हेच ताजं यीस्ट. बेकरीवाले त्याला ओलं यीस्ट म्हणतात, तेच जास्त नेमकं आहे, कारण वडीचा सुमारे ७० टक्के भाग पाणीच असतो. त्यातल्या पेशी जिवंत असतात, हळूहळू श्वास घेत असतात आणि थोडी उष्णताही सोडतात. वडी बाहेर राहिली तर ती आतून गरम होते, पेशी आपलाच साठा संपवतात आणि मरायला लागतात. म्हणून कारखान्यापासून बेकरीपर्यंत तिला थंडावा लागतो. दुधाच्या पिशवीसारखंच म्हणा, फक्त दूध घरोघरी रोज लागतं आणि यीस्ट लागत नाही.

ड्राय यीस्ट म्हणजे हाच जीव, बहुतेक पाणी काढून झोपवलेला. त्याचे दोन प्रकार आहेत. जाडसर दाण्यांचं 'ॲक्टिव्ह ड्राय' दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैन्यासाठी विकसित झालं, कारण रणभूमीवर फ्रिज नव्हता. बारीक दाण्यांचं 'इन्स्टंट' १९७०च्या दशकात आलं, फ्रान्सच्या लसाफ्र कंपनीचं. ते पाण्यात न भिजवता थेट पिठात मिसळता येतं. न उघडलेलं पाकीट कपाटात दोन वर्षं राहू शकतं. किराणा दुकानाला परवडतं ते हेच.

मराठी स्वयंपाकघरात यीस्ट आलंच नाही

जर्मनीत सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये ४२ ग्रॅमची ताज्या यीस्टची छोटी वडी मिळते. स्वीडनमध्ये ५० ग्रॅमची, इटलीत २५ ग्रॅमची. तिकडे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना ती दह्या-लोण्याच्या शेजारी सहज दिसते. मग आपल्याकडे अशी वडी का निघत नाही?

आंबवणं आपल्याला नवं नाही. इडली, आंबोळी, जिलेबीचं पीठ, सगळं रात्रभर आंबतंच. पण हे आंबवण हवेतल्या, डाळ-तांदळावरच्या जिवाणूंवर आणि जंगली यीस्टवर चालतं. विकत काही आणावं लागत नाही. पाव मात्र बाहेरून आला. शब्दसुद्धा पोर्तुगीज 'पांव'वरून आलेला (पायाने मळतात म्हणून पाव, ही लोकांनी रचलेली गोष्ट). गोव्यात पोर्तुगिजांना यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची सूर, म्हणजे ताडी, वापरून पीठ फुगवलं गेलं. माडीत यीस्ट आपोआप वाढलेलं असतं. पोदेर लोकांचा उंडो आणि पोई पिढ्यान्‌पिढ्या याच सुरेवर फुगत आले. पुढे माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, सूर महागली आणि बहुतेक भट्ट्या यीस्टवर आल्या. वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांतले फुगेही मूळचे ताडीवरचे, आता बऱ्याच ठिकाणी यीस्टवरचे.

गोवा-वसईची ख्रिस्ती घरं सोडली, तर मराठी मुलखात पाव हा घरात करायचा पदार्थ कधीच नव्हता. एके काळी तर तो घरात आणायचाही नव्हता. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जातिभेद मोडायला निघालेल्या परमहंस सभेत नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा, असा दंडक होता. पाव खाणं हेच बंड होतं, यावरून काय ते समजावं. ते सोवळं गेलं, वडापाव आणि मिसळपाव आले, पण पाव बेकरीतूनच येत राहिला. घरी ओव्हन नव्हता आणि भट्टीचा पाव स्वस्त होता. मागणीच नाही म्हटल्यावर ५० ग्रॅमची वडी कोण काढणार?

ओव्हन आता आले आहेत. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पाव भाजायची लाट आली, तेव्हा जगभर ड्राय यीस्टचीसुद्धा टंचाई झाली होती. लाट ओसरली, तरी घरून पाव, फोकाशिया, बन, डोनटच्या ऑर्डर घेणारे, त्यातही विशेषतः महिला, टिकून आहेत. त्यांच्यासाठी यीस्ट हा हौसेचा विषय राहत नाही. तीन किलो मैद्याचं पीठ रात्रभर बसून राहिलं, तर मैदा, दूध, लोणी आणि सकाळची ऑर्डर सगळंच जातं.

मग नाशिकमध्ये विचारायचं कुणाला?

सगळ्यात आधी जवळच्या बेकरीला. मात्र ती स्वतः पाव भाजणारी हवी, दुसरीकडून आणून विकणारी नको. जुनं नाशिक, नाशिकरोड, देवळाली कॅम्प, सिडको-सातपूर, कुठंही राहत असलात तरी लादी पाव भाजणारी एखादी भट्टी फार लांब नसते. पाव गरम असताना मिळतो का आणि मागच्या बाजूला पिठाची पोती दिसतात का, यावरून अंदाज येतो.

वेळ पाहून जावं. पहाटे माल निघत असताना कुणालाही बोलायला फुरसत नसते. दुपारी, दुकान शांत असताना, थेट विचारावं, "दादा, तुमच्याकडे ओलं यीस्ट येतं का? शंभर ग्रॅम मिळेल का?" ओलं की ड्राय, हे आधी विचारायचं, कारण अनेक लहान बेकऱ्यांनी ओलं यीस्ट सोडून दिलं आहे. वीज गेली की फ्रिज बंद आणि वडी वाया, यापेक्षा त्यांना इन्स्टंटचं पाकीट सोयीचं वाटतं. ओलं असेल तर बहुतेक ठिकाणी तुकडा कापून देतात, काही ठिकाणी नाही म्हणतात. नाही म्हणण्यात खडूसपणा असतोच असं नाही. वडी मोजून आलेली असते, त्यावर उद्याचा पाव अवलंबून असतो. दर आठवड्याला पाव-खारी तिथूनच घेणाऱ्या ताईंना पुढच्या वेळी नकार मिळण्याची शक्यता कमी, हा व्यवहार जगभर सारखाच आहे.

दुसरा मार्ग बेकरीचा कच्चा माल विकणाऱ्या ठोक दुकानांचा. केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत क्रीम, रंग आणि साचे खूप असतात, ताजं यीस्ट क्वचित. त्यापेक्षा बेकऱ्यांना मार्जरीन, ब्रेड इम्प्रूव्हर, मैदा पुरवणारा ठोकवाला गाठावा. तो कोण, हे बेकरीवालाच सांगू शकतो. ठोकवाल्याकडे जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात. वडी कोणत्या वारी येते आणि ती कुठं ठेवलेली असते. "काउंटरवरच आहे" असं उत्तर आलं तर फेरी वाचली म्हणायची.

ठोकवाला अर्धा किलोच देणार. इथं चार-पाच जणींनी मिळून वडी घेणं हाच शहाणपणाचा मार्ग. सोसायटीत, भिशीत, बेकिंगच्या क्लासमध्ये अशी वाटणी सहज जमते. प्रत्येकीच्या वाट्याला शंभर ग्रॅम, म्हणजे आठ-दहा वेळचा पाव. तीन आठवड्यांत तेवढा होतो.

मुंबईहून कुणी येत असेल तर क्रॉफर्ड मार्केट परिसरातल्या बेकिंग सामानाच्या दुकानांत चौकशी करायला सांगता येईल. मुंबई-नाशिक चार-पाच तासांच्या प्रवासाने चांगली वडी बिघडत नाही, पण बर्फाच्या पाकिटासोबत डब्यात हवी. मे महिन्यात उभ्या गाडीत दुपारभर राहिली तर संपलंच. ऑनलाइन मागवताना हीच भीती असते. पाकिटावर "थंड ठेवा" लिहिलेलं असतं, पण ते कुरिअरच्या गोदामाने वाचलेलं असतं का? शीतपेटीतून पोहोचवण्याची हमी नसेल तर ताजं यीस्ट ऑनलाइन घेऊ नये.

नाशिक वाइनचं गाव म्हणून एक प्रश्न इथं नेहमी निघतो. वायनरीतलं यीस्ट पावाला चालेल का? प्रजाती तीच, पण वाण वेगळा. दारूत तग धरण्यासाठी निवडलेलं ते यीस्ट पीठ फुगवतं ते बरंच सावकाश. द्राक्षावरची पांढरट भुकटी म्हणजे यीस्ट, हाही गैरसमज आहे. ती लव मुख्यतः मेणाची असते. द्राक्षाच्या सालीवर थोडं जंगली यीस्ट असतं हे खरं आणि मनुका भिजवून खमीर लावता येतं हेही खरं, पण त्याला कित्येक दिवस लागतात. उद्याच्या ऑर्डरला ते कामाचं नाही.

वडी हातात घेतल्यावर

चांगली वडी फिकट, मलईच्या रंगाची किंवा किंचित राखाडी असते. बोटांनी मोडली तर कुस्करली जाते, ताणली जात नाही. वास हलका, ताज्या पिठासारखा. कडा तपकिरी आणि सुकलेल्या, मधे चिकट झालेली, कुजकट वासाची किंवा बुरशीचे हिरवे-काळे ठिपके असलेली वडी घेऊ नये. कापून दिलेल्या तुकड्याला तारीख नसते, म्हणून मूळ वेष्टन दाखवायला सांगावं आणि त्याचा फोटो काढून ठेवावा.

घरी आल्यावर शंका असेल तर अर्धा कप कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि छोटा तुकडा विरघळवून ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांत वर फेस आला तर ठीक, नाही आला तर मैदा भिजवू नये. ही पंधरा मिनिटं वाचवण्याच्या नादात अख्खी परात वाया जाते.

ठेवायचं फ्रिजच्या आतल्या कप्प्यात, २ ते ४ अंशांवर. दारात नको, तिथलं तापमान सतत बदलतं. बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवावं. उरलेलं फ्रीझरमध्ये टाकता येतं का? येतं, पण काही पेशी गोठताना फुटतात, म्हणून ताकद घटते. १०-१० ग्रॅमचे तुकडे वेगवेगळे गुंडाळून ठेवले तर दोनेक महिने काम भागतं. आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवायचे आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त वापरायचं.

सगळ्यात जास्त नुकसान कुठं होतं?

प्रमाणात. युरोपातल्या पाककृतीत "२० ग्रॅम यीस्ट" लिहिलेलं असतं ते बहुधा ताजं. इथं ते वाचून कुणी २० ग्रॅम इन्स्टंट टाकतं, म्हणजे गरजेच्या तिप्पट. पीठ तासाभरात परातीबाहेर येतं, भाजताना बसतं आणि पावाला बिअरसारखा वास येतो. उलटही होतं. व्हिडिओतलं "एक चमचा" ड्राय यीस्टचं असतं आणि घरी तेवढंच ओलं टाकून पीठ फुगायची वाट पाहिली जाते.

लक्षात ठेवायचा हिशोब एकच. १० ग्रॅम ताजं म्हणजे साधारण ४ ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम इन्स्टंट. इन्स्टंटचा सपाट छोटा चमचा सुमारे ३ ग्रॅमचा भरतो. चमच्यावर भागवण्यापेक्षा ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घेतला, तर त्याची किंमत दोन-तीन वाया गेलेल्या परातींत वसूल होते.

पाण्याचंही तसंच. ताज्या यीस्टला ३५ अंशांच्या आसपासचं, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागणारं पाणी पुरतं. ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं. नाशिकमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच गरम येतं. तेव्हा माठातलं पाणी वापरावं, नाहीतर पीठ मळतानाच धावायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली जातो तेव्हा नाशिकच्या ओट्यावरही पीठ तासाला फुगत नाही. ओव्हनमधला फक्त दिवा लावून आत ठेवलं किंवा गरम पाण्याच्या भांड्याशेजारी झाकून ठेवलं की काम होतं. यीस्टचं प्रमाण वाढवणं हा त्यावर वाईट उपाय आहे.

ताजंच हवं का?

महिन्यातून दोनदा पाव करणाऱ्याला नाही. चवीत फार मोठा फरक पडतो, हा दावा टिकत नाही. पावाची चव पीठ किती वेळ आंबलं यावर जास्त अवलंबून असते. इन्स्टंट यीस्ट थोडं कमी टाकून पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, तर घाईत ताज्या यीस्टवर केलेल्या पावापेक्षा ते चवीला सरस ठरतं. ताज्याचा फायदा वेगळा आहे. ते लगेच कामाला लागतं, त्यात वाळवताना मेलेल्या पेशी नसतात (अशा पेशींतून निघणाऱ्या द्रव्याने पीठ जरा सैल पडतं) आणि रोज भाजणाऱ्याला ते स्वस्त पडतं. आठवड्याला चार-पाच ऑर्डरी असतील तर बेकरीशी बोलून ठेवावं. गोड बन, डोनट असं साखर जास्त असलेलं करायचं आणि ताजं मिळत नसेल, तर गोड पिठासाठीचं वेगळं इन्स्टंट येतं. लसाफ्रच्या 'साफ' ब्रँडमध्ये सोनेरी पाकीट त्यासाठी, लाल पाकीट साध्या पावासाठी.

ड्राय यीस्ट घेताना एकच खबरदारी. अनेक दुकानांत मोठं पाकीट फोडून ५०-१०० ग्रॅमच्या प्लॅस्टिकच्या पुड्या बांधून ठेवतात. त्यावर कंपनी नसते, तारीख नसते आणि ती पुडी काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून किती महिने आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. "नाशिकच्या हवेत यीस्ट चालत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा या पुडीपाशी येऊन थांबते. विटेसारखं कडक, हवा काढून बंद केलेलं मूळ पाकीट घ्यावं. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावं आणि बरणीवर उघडल्याची तारीख लिहावी. ओलावा नसल्यामुळे ड्राय यीस्टला गोठण्याचा त्रास होत नाही. मोठं पाकीटही चार जणींत वाटून घेता येतं, फक्त वाटताना चमचा कोरडा हवा.